बंदरावरची गरी व परिसर-अभ्यासाचा पाठ
(किनारपट्टीवरील शाळांतील तिसरी व चौथीच्या शिक्षकांसाठी)

किनारपट्टीवरील शाळेच्या हजेरीपटावर पंचांगातील तिथी मांडून पाहिल्या, तर एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी नजरेस येण्यासारखी आहे. काही ठराविक मुले पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास सकाळी उशिरा येतात किंवा येतच नाहीत. कारण विचारले असता मूल मान खाली घालून उभे राहते. फार झाले तर "बाबांबरोबर गरवायला गेलो होतो" एवढेच पुटपुटते. शिक्षक रकान्यात गैरहजेरीची खूण करतो, मुलास दोन शब्द सुनावतो व पाठ पुढे चालू होतो. तो पाठ कदाचित भरती-ओहोटीचाच असतो! जे मूल पहाटे भरतीची वेळ साधून आले, त्यालाच भरती म्हणजे काय हे सांगता आले नाही म्हणून खाली बसविण्यात येते. या विसंगतीचा विचार करावा व तीतून वर्गासाठी काही उपयुक्त पाठ निर्माण करावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

देशावरून बदली होऊन आलेल्या शिक्षकास 'गरवणे' हा शब्द नवा वाटेल. गरी म्हणजे गळ, व गरीने मासे धरणे म्हणजे गरवणे. रापण ओढावयास सारा वाडा लागतो. मोठे जाळे टाकावयास होडी व भांडवल लागते. गरीला यांपैकी काहीच लागत नाही. लाकडाच्या तुकड्यावर किंवा रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेले तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक धागा, त्याच्या टोकास शिशाचा तुकडा किंवा नुसता दगड, वितभर वर बांधलेली गरी आणि आमिषासाठी मूठभर कोळंबी अथवा तारलीचे काप, एवढ्या सामग्रीवर बाप व मूल धक्क्यावर किंवा खडपावर जाऊन बसतात. खडप म्हणजे समुद्रात उतरत गेलेला कातळ. म्हणूनच गरी हा गरिबाघरचाही उद्योग आहे आणि पुष्कळ घरांतून तो बापाने मुलास स्वतः शिकविलेला पहिला उद्योग आहे.

मासा खडपाजवळच का येतो, हे मुलांना बहुधा ठाऊक असते. मात्र शास्त्राच्या भाषेत त्यांना ते मांडता येत नाही. कातळावर व धक्क्याच्या दगडांवर कालवे, शिंपले व शेवाळ चिकटलेले असते. कपारींत कुर्ल्या व बारीक कोळंबी दडलेली असते. ओहोटीस हा सारा भाग उघडा पडतो. भरतीचे पाणी त्यावर चढू लागले की त्या पाण्याबरोबर मासा चरावयास वर येतो. गोबरा आपली कपार सोडून फारसा दूर जात नाही. तांबोशी भरतीबरोबर खाडीच्या मुखाकडे सरकते. बोय थव्याने फिरताना डोळ्यांना दिसते, परंतु ती शेवाळ व गाळातील बारीक अन्न खाणारी असल्यामुळे गरीला सहसा लागत नाही. नवख्या मुलाचा हिरमोड येथेच होतो. कोणता मासा काय खातो, कोठे राहतो व का सापडतो अथवा सापडत नाही, हा प्राणिशास्त्राचा चांगला धडा आहे आणि त्याला चित्रांच्या तक्त्याची गरज नाही.

बाप मुलास शिकवितो कसे, हे शिक्षकाने एकदा स्वस्थ बसून पाहावे. पहिल्या काही खेपांना मुलाच्या हाती दोरी येतच नाही. त्याने धक्क्याच्या भिंतीला टेकून बसावयाचे, आमिषाचा डबा सांभाळावयाचा व पाहावयाचे. पुढे कोळंबी सोलून गरीत ओवण्याचे काम मिळते. ते जमले की बाप दोरी हातात देतो, पण नुसती धरावयास. ती तर्जनीवरून गेली पाहिजे, कारण बारीक मासा आमिषास टोचा मारतो तो निराळा आणि मोठा मासा ते तोंडात घेऊन वळतो तो ओढा निराळा, हा भेद डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच कळतो. दोरी फेकण्याचे काम सर्वांत शेवटी येते. आपल्या शिक्षणशास्त्रात ज्याला सुलभाकडून कठिणाकडे असे म्हणतात तो क्रम याहून वेगळा नाही. फरक एवढाच की, बाप पुढची पायरी देण्याची घाई करीत नाही. त्याला वार्षिक नियोजन पुरे करावयाचे नसते.

मालवणच्या बाजूस एका धक्क्यावर पाहिलेली एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. एक गृहस्थ आपल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीसह गरवीत बसले होते. मुलीची गरी खाली दगडांत अडकली. ती जोराने ओढू लागली, तेव्हा बाप म्हणाला, "ओढू नको, सोड." तिने दोरी सैल सोडली. एक लाट आली व गेली, दुसरी गेली. तिसरीने शिसे उचलले आणि गरी मोकळी झाली. आनंदाच्या भरात मुलगी बापाकडे तोंड करून हसली. बाप मात्र हसला नाही. "दर्याक पाठ दाखवू नको, बाय," एवढेच तो म्हणाला व ती पुन्हा समुद्राकडे वळेपर्यंत त्याने आपली दोरीही हलविली नाही. पुढे थोड्या वेळाने तिला एक तांबोशी लागली, जेमतेम तळहाताएवढी. बापाने गरी काढून मासा तिच्या ओल्या हातावर ठेवला आणि तिने तो स्वतःच पाण्यात सोडून दिला. का सोडावयाचा, हे त्याने सांगितले नाही व तिने विचारले नाही. तिला आणखी किती वेळ बसणार असे विचारले, तेव्हा तिने धक्क्याच्या पायऱ्यांकडे पाहून उत्तर दिले, आणखी दोन पायऱ्या बुडेपर्यंत. घड्याळ त्या दोघांपैकी कोणाकडेच नव्हते.

हे उत्तर शिक्षकाने मनाशी धरून ठेवावे, कारण पुढील सर्व पाठ त्याच पायऱ्यांवर उभा आहे.

पाऊणकीचा उपयोग

आपल्या किनाऱ्यावर दिवसाकाठी दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. आज ज्या वेळी भरती आली त्याच वेळी ती उद्या येत नाही. सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तेवढ्या अवधीत चंद्र आपल्या मार्गावर थोडा पुढे सरकलेला असतो, व त्यास गाठावयास पृथ्वीला तेवढा अधिक वेळ फिरावे लागते, हे त्याचे कारण होय. पौर्णिमा व अमावास्या या दिवशी सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते व पाण्याचा चढउतार मोठा होतो, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ही ओढ एकमेकींशी काटकोनात येते व चढउतार लहान होतो, तो भांग. प्रत्यक्ष सर्वांत मोठे पाणी तिथीनंतर एखाद-दुसऱ्या दिवशी दिसते, हेही मुलांच्या अनुभवाशी जुळेल.

किनाऱ्यावरील वडीलधारी माणसे भरतीची वेळ काढण्यासाठी एक ठोकताळा वापरतात : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, एकादशीस सव्वाआठ वाजता. दिवसा एकदा व रात्री एकदा. त्यात सहा तास मिळविले की ओहोटी. जुन्या शाळेत पावकी, निमकी व पाऊणकी मुखोद्गत करून घेत. शाळेतून ती गेली. बंदरावर मात्र पाऊणकी अजून नांदते आहे. आजोबांकडून तिचा पाढा ऐकून येण्याचा गृहपाठ मुलांना अवश्य द्यावा.

परंतु येथे थांबल्यास पाठ अपुरा राहील. चौथीच्या मुलांस पौर्णिमेची भरती पाऊणकीने काढावयास सांगावी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आता दुसऱ्या दिवसाची, म्हणजे प्रतिपदेची काढावयास सांगावी. एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. सव्वाअकरा ते पाऊण, हे अंतर दीड तासाचे झाले! इतर सर्व दिवशी पाऊण तासाने पुढे सरकणारी भरती याच दिवशी दीड तास का सरकली? मुलांना विचार करू द्यावा व उत्तर सांगण्याची घाई करू नये. समुद्राने उडी मारली की हिशेबाने, हा प्रश्न फळ्यावर लिहून तास संपविला तरी चालेल.

उत्तर असे आहे. भरतीची वेळ पंधरा तिथींत एक पूर्ण चक्कर, म्हणजे बारा तास, पुढे सरकते. बारा तासांची ७२० मिनिटे. त्यांस पंधराने भागले असता तिथीमागे ४८ मिनिटे येतात. पाऊण तास ४५ मिनिटांचा. म्हणजे पाऊणकी दर तिथीस ३ मिनिटे मागे पडत जाते व पंधराव्या तिथीस ही तूट बरोबर ४५ मिनिटांची होते. तीच प्रतिपदेस एकदम भरून निघते. चतुर्थीस तीन वाजण्याऐवजी तीन वाजून बारा मिनिटे, अष्टमीस सहा वाजून चोवीस, एकादशीस आठ वाजून अठ्ठेचाळीस आणि पौर्णिमेस बारा, अशी सुधारलेली वेळ मुलांनी स्वतः काढावी. जुन्या कालमापनाची ओळख द्यावयाची झाल्यास हेही सांगता येईल की घटका २४ मिनिटांची असते. म्हणून तिथीमागे ४८ मिनिटे म्हणजे नेमक्या दोन घटका. ज्या हिशेबास तासांच्या भाषेत अपूर्णांक लागतो, तो घटकांच्या भाषेत नुसत्या दुपटीने होतो.

यावरून पाऊणकी चुकीची ठरली असे मुलांच्या मनात येऊ देऊ नये. धक्क्यावर जाणाऱ्या माणसास पाव-अर्ध्या तासाचा फरक अडचणीचा नसतो, कारण तो शेवटी पाण्याकडे पाहूनच उठतो. त्याला मनातल्या मनात करता येणारा हिशेब हवा असतो. शिवाय अठ्ठेचाळीस मिनिटांचा हिशेबही सर्व बंदरांना सारखा लागू पडत नाही. मुंबईकडे उधाणाची पूर्ण भरती बाराच्या आसपास येते. दक्षिणेकडे, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले या बाजूस ती त्याहून अगोदर येते. पाण्याचा चढउतारही मुंबईकडे मोठा, उधाणाला चार मीटरांहून अधिक, व दक्षिणेकडे जावे तसा लहान होत जातो. म्हणून आपल्या गावच्या बंदरावर किती मिनिटे वजा करावयाची, हे आपल्या वर्गाने स्वतः निरीक्षण करून ठरवावयाचे आहे. असे खरे संशोधन तिसरी-चौथीच्या मुलांच्या आवाक्यातील आहे, आणि त्यात गरवणारी मुले आपोआप पुढे येतील.

बारा पायऱ्या

आता त्या मुलीच्या उत्तराकडे वळू. धक्क्याची पायरी समजा २० सेंटीमीटर उंचीची आहे व उधाणाला ओहोटीपासून भरतीपर्यंत १२ पायऱ्या बुडतात. पाणी सहा तासांत चढते, तेव्हा तासाला दोन पायऱ्या बुडतील, असे हिशेबी मूल चटकन सांगेल. समुद्र मात्र असा समान चालत नाही. दर्यावर्दी लोकांचा एक जुना ठोकताळा आहे : पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन व सहाव्यात पुन्हा एक. आपल्या उदाहरणात पायऱ्याही बाराच असल्यामुळे पहिल्या तासात एक पायरी बुडेल, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तीन. हा नियम स्थूल आहे. वारा व किनाऱ्याची ठेवण यांप्रमाणे त्यात फरक पडतो. तरी त्याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे.

खडपावर जीव जातो तो बहुधा या तिसऱ्या व चौथ्या तासाच्या अज्ञानाने. मूल ओहोटीस कातळावरून पुढे जाते. पहिला तास संपतो तेव्हा पाणी अवघे वीस सेंटीमीटर चढलेले असते, दुसऱ्यात चाळीस. येथपर्यंतच्या अनुभवावरून आणखी बराच अवकाश आहे असे त्यास वाटते. पुढच्या एका तासात पाणी साठ सेंटीमीटर चढते, म्हणजे चौथीतील मुलाच्या मांडीपर्यंत, आणि त्याच्या पुढच्या तासात आणखी तितकेच. परतीच्या वाटेवर कातळात एखादी सखल घळ असली, तर मुलाच्या पुढे बसलेल्या जागेवर पाणी येण्यापूर्वीच मागची घळ भरून जाते. मासा लागण्याची वेळही नेमकी हीच. ज्या मुलास बाप सोबत असतो, त्याला हे सांगावे लागत नाही, बाप उठला की ते उठते. प्रश्न आहे तो बापाचे पाहून एकट्याने अगर मित्रांसह जाणाऱ्या मुलांचा, आणि सुट्टीत कोकणात आलेल्या शहरी मुलांचा. शाळेने घ्यावयाचा पाठ मुख्यतः यांच्यासाठी आहे. अपूर्णांकांच्या प्रकरणास याहून अधिक निकडीचे उदाहरण आपल्या पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही.

लाटांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. किनाऱ्यावर वारा नसला म्हणजे समुद्र शांत आहे असे समजणे धोक्याचे होय. फार दूरच्या समुद्रात झालेल्या वादळाच्या लाटा निरभ्र दिवशीही येऊन थडकतात. लाटा सारख्या उंचीच्या येत नाहीत. पुष्कळ लहान लाटांमागून काही मोठ्या लाटा येतात. म्हणून जाणता माणूस खडपावर पोहोचताच खाली उतरत नाही, वर उभा राहून काही वेळ पाण्याकडे पाहतो व लाट कोठवर चढते ते ओल्या कातळावरून ठरवितो. काळा, ओला कातळ शेवाळाने निसरडा असतो. पांढरा, कोरडा कातळ त्या मानाने भरवशाचा. बंदराच्या संरक्षणासाठी टाकलेल्या सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांवर मुलांनी केव्हाही चढू नये, कारण त्यांच्या फटींत पडलेल्या माणसास बाहेर काढणे अतिशय कठीण असते. कोणी पाण्यात पडल्यास त्याच्यामागे उडी न टाकता दोरी, बांबू किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेकावा व मोठ्या माणसांस हाक मारावी, हे वर्गात प्रत्यक्ष करून दाखवावे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे इशारे प्रसिद्ध करते. असा इशारा आलेला असेल त्या दिवशी तो शाळेच्या फळ्यावर लिहिण्याची प्रथा पाडावी.

सापडलेल्या जिवांपैकी काहींची भीतीही मुलांस हवी. शिंगाळ्याच्या पाठीवरील व कल्ल्यांमागील काटे आणि पाकटाच्या शेपटीवरील काटा विषारी असतो. तो लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरून ठेवावी व आरोग्य केंद्र गाठावे. केंड मासा पोटात हवा भरून फुगतो म्हणून मुलांना गमतीचा वाटतो, परंतु त्याचे विष शिजवूनही जात नाही. गरी बोटात रुतल्यास ती उलट ओढू नये. तिच्या टोकास उलटा काटा असतो.

पालकाशी बोलणे

हा भाग थोडा नाजूक आहे. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मूल शाळेत आणणे हे आपले कर्तव्य आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या सुधारणेनुसार चौदा वर्षांखालील मूल घरच्या, धोका नसलेल्या उद्योगात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत हातभार लावू शकते. शाळेच्या वेळात नाही. यांत्रिक नौकेवर मुलास कामास नेणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट असून तिचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. परंतु बापाबरोबर धक्क्यावर बसणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन कायद्याची कलमे वाचल्याने काय होते? बाप ऐकून घेतो, मान हलवितो आणि पुढच्या पौर्णिमेस मूल पुन्हा गैरहजर राहते. त्याच्या दृष्टीने शिक्षकाला समुद्रातले काही कळत नाही, आणि ते बव्हंशी खरे असते.

याउलट शिक्षकाने तिथीचा हिशेब करून बोलणे केले, तर त्या बोलण्यास वजन येते. उधाणाला पाणी सकाळी सहाच्या सुमारास चढू लागते व बाराच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे गरवण्याची वेळ व शाळेची वेळ एकमेकींवर येतात. मुलाची गैरहजेरी नेमकी याच दिवसांत का पडते, हे आता शिक्षकाला न विचारता समजते. षष्ठी, सप्तमी व अष्टमी या तिथींस मात्र पूर्ण भरती पावणेपाच ते साडेसहाच्या दरम्यान, दक्षिणेकडे त्याहूनही अगोदर येते. शाळा सुटल्यावर मूल दप्तर ठेवून सरळ धक्क्यावर जाऊ शकते व काळोख पडण्यापूर्वी घरी येऊ शकते. रविवारी उधाण आले तर प्रश्नच नाही. "या पंधरवड्यात पोराला सप्तमीला न्या, पुनवेला माझ्याकडे पाठवा," असे शिक्षकाने म्हटले तर बाप प्रथम आश्चर्याने पाहील. उधाणाला मासा अधिक लागतो, भांगाला पाणी मरगळलेले असते, असे तो कदाचित म्हणेल, आणि त्याच्या अनुभवास आपण नाकारू नये. पण त्या क्षणापासून बोलणे बरोबरीचे झालेले असते.

आई गरवावयास जाते असे क्वचितच दिसते. ती ओहोटीस खडपावर कालवे काढावयास जाते, व मुली तिच्याबरोबर असतात. उधाणाची ओहोटी पहाटे व सायंकाळी सहाच्या सुमारास येते. पौर्णिमेच्या आसपास सकाळी पेंगणाऱ्या मुलीस आळशी ठरविण्यापूर्वी ही वेळ आठवावी.

मुले कामावर असतात म्हणून शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच त्यांच्याकडे न्यावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य सुरू केले व १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणावरच शाळा भरविली. तिचे कुरणशाळा हे नाव प्रसिद्ध आहे. धक्क्यावर दररोज शाळा भरविण्याची आज आवश्यकता नाही, पण वर्षातून एक-दोन तास तेथे भरावयास काही हरकत नसावी.

प्रत्यक्ष पाठ

या तासासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. पावसाळ्यात धक्क्यावर वर्ग नेऊ नये. वेळ उतरत्या पाण्याची असावी. मुख्याध्यापक व पालक यांची लेखी संमती घ्यावी. मुलांस खडपावर मुळीच उतरवू नये. धक्क्याच्या वरच्या सपाट भागावर, कडेपासून दूर बसवावे. गरवणाऱ्या दोन-तीन पालकांना आग्रहाने बोलवावे व पाठाचा पहिला अर्धा भाग त्यांच्या हाती द्यावा. त्यांनी भाषण करण्याची अपेक्षा नाही. गरी बांधून दाखवावी, शिसे बारीक दोऱ्याने का बांधतात ते सांगावे (अडकल्यास दोरा तुटतो व गरी वाचते), आणि त्यांच्या मुलाने किंवा मुलीने साहाय्यकाचे काम करावे. एरवी मागच्या बाकावर बसणारे मूल त्या दिवशी वर्गासमोर बापाच्या शेजारी उभे राहते. त्याचा परिणाम नंतर कित्येक दिवस टिकतो. तो नोंदविण्यास रकाना नाही.

भाषेचा तास याच अनुभवावर घ्यावा. गरी, गरवणे, तंगूस, खडप, सुकती, उधाण, भांग हे शब्द मुलांनी उच्चारले की ते फळ्यावर लिहावेत. सुकती म्हणजे ओहोटी; परंतु 'सुकती' खोडून 'ओहोटी' लिहिण्याची गरज नाही, दोन्ही शेजारी असू द्यावेत. हे शब्द अशुद्ध नाहीत, केवळ पुस्तकात आलेले नाहीत. "बाबांबरोबर गरवायला गेलो होतो" या वाक्यावर पूर्वी शिक्षा झालेल्या मुलास तेच वाक्य निबंधाचे पहिले वाक्य म्हणून लिहू द्यावे.

लहान मासा पाण्यात का सोडावयाचा, हा प्रश्न त्या बापाने अनुत्तरित ठेवला होता. शाळेने त्याचे उत्तर द्यावे. एकदाही अंडी न घातलेला मासा मारला गेला तर त्याची पुढची पिढीच नाहीशी होते. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली अनेक जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, ती याच कारणासाठी. पावसाळ्याच्या आरंभी, जून-जुलै महिन्यांत, यांत्रिक नौकांना असणाऱ्या बंदीमागेही हे एक कारण आहे. मुलांनी पट्टीने तळहाताची लांबी मोजावी व बापाने कोणत्या आकाराचे मासे सोडले ते घरी विचारून लिहून आणावे. सर्वच बाप सोडतात असे आढळणार नाही. ज्या घरी रात्रीच्या कालवणाचा प्रश्न असतो तेथे लहान मासाही टोपलीत जातो. त्या मुलाने तसे लिहिले तर वर्गात त्यावर टीका होऊ देऊ नये.

शेवटी नोंदवहीविषयी. एका पंधरवड्यात, प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत, बंदराजवळ राहणाऱ्या मुलांनी आळीपाळीने, मोठ्या माणसाच्या सोबतीने व वरच्या पायरीवर उभे राहूनच, पूर्ण भरतीची वेळ व कोरड्या राहिलेल्या पायऱ्यांची संख्या लिहून आणावी. वर्गात एका रकान्यात पाऊणकीची वेळ, दुसऱ्यात अठ्ठेचाळीस मिनिटांच्या हिशेबाची वेळ व तिसऱ्यात प्रत्यक्ष पाहिलेली वेळ मांडावी. तिथीची वृद्धी वा क्षय झाला असेल तेथे खूण करावी, अन्यथा हिशेब का जुळत नाही हे समजणार नाही. दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यांतील अंतराची सरासरी हे आपल्या बंदराचे अंतर होय. ही वही वर्ष संपताना रद्दीत न टाकता पुढील वर्षीच्या चौथीच्या स्वाधीन करावी. तिच्या पहिल्या पानावर बंदराचे नाव, धक्क्याच्या पायऱ्यांची एकूण संख्या, एका पायरीची उंची आणि ज्या पालकांनी पाठ दिला त्यांची नावे मुलांच्या हस्ताक्षरात लिहिलेली असावीत.